डॉ. द्वारकानाथ कोटणीस : चीनमधील विद्यार्थिदशा

रायपूरच्या ईशान्येस सुमारे ८० किलोमीटरांवर, महानदीच्या काठी, सिरपूर हे गाव आहे. प्राचीन दक्षिण कोसलाच्या राजधानीचे हे स्थान. १९५० नंतरच्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षित यांनी येथे केलेल्या उत्खननात महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळातील बौद्ध विहार उजेडात आले. सातव्या शतकात चिनी यात्रिक ह्युएन-त्संग कलिंगाहून कोसल देशात आला होता. त्याने पाहिलेली राजधानी सिरपूरच, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींचे मत निराळे आहे. स्थाननिश्चितीचा हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट निर्विवाद राहते. ह्युएन-त्संग हा प्रवासी होण्याआधी विद्यार्थी होता. नालंदेस आचार्य शीलभद्रांपाशी त्याने अध्ययन केले, संस्कृत आत्मसात केली, आणि मोक्षदेव व महायानदेव ही भारतीय नावे धारण केली. परक्या देशात रुळणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठच त्याच्या चरित्रात आढळतो : प्रथम भाषा, मग गुरू, मग नवे नाव, आणि शेवटी शिकलेले इतरांना देण्याची योग्यता.

या मार्गाने उलट दिशेस गेलेल्या भारतीयांची परंपरेत गणना होते ती आचार्य म्हणून. काश्यप मातंग, परमार्थ इत्यादी पंडित चीनमध्ये गेले ते धर्म व ग्रंथ देण्यासाठी. भारतातून तेथे जाऊन कोणी शिष्यत्व पत्करल्याची वार्ता क्वचितच ऐकू येते. विसाव्या शतकात असे शिष्यत्व एका मराठी माणसाने पत्करले. तो तेथे गेला होता डॉक्टर म्हणून, म्हणजे देणारा म्हणून. आणि लोकस्मृतीतही तो देणारा म्हणूनच राहिला आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांची कहाणी त्यागाची व हौतात्म्याची म्हणून पुष्कळदा सांगितली गेली. तथापि त्या त्यागाला अर्थ प्राप्त झाला तो त्यांच्या चीनमधील विद्यार्थिदशेमुळे, आणि त्यांच्या चरित्राचे हे अंग बरेचसे दुर्लक्षित राहिले आहे.

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. घरात भावंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. त्यांच्या बालपणीचे सोलापूर हे कापडगिरण्यांचे, कामगारांच्या चाळींचे आणि अनेक भाषांचे गाव होते. मराठी, कानडी, तेलुगू व दखनी उर्दू या चारही भाषा तेथील बाजारपेठेत एकाच वेळी ऐकू येत. १९३० च्या मे महिन्यात याच शहरावर ब्रिटिश सरकारने लष्करी कायदा लादला, आणि १९३१ च्या जानेवारीत येथील चार जणांना फाशी देण्यात आले. कोटणीस त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. १९३८ साली ते पदव्युत्तर अभ्यासाच्या तयारीत होते. एखाद्या होतकरू तरुण डॉक्टराचा मार्ग त्या काळी ठरलेला असे : आणखी एक पदवी, जमल्यास विलायत, आणि मग शहरात दवाखाना. हा मार्ग त्यांच्यापुढे खुला होता.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. त्या वर्षाच्या अखेरीस आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेस आवाहन केले; चीन दिन पाळण्यात आले; वर्गणीतून सुमारे २२,००० रुपये जमले. त्यातून पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर हे उपप्रमुख, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुकर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. चोळकर हे त्यांच्यातील वयोवृद्ध, मध्यप्रांतातील काँग्रेसचे जुने कार्यकर्ते. रायपूर त्या काळी ज्या मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत होते, त्याची राजधानी नागपूर होती. म्हणजे पाचांपैकी दोघे मराठी होते, आणि त्यांतील एक या प्रांतातून गेला होता.

१ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक 'राजपुताना' या बोटीने मुंबईहून निघाले. कँटन येथे मादाम सुन यत्-सेन यांनी त्यांचे स्वागत केले. तेथून चांगशा व हँकौ. परंतु ज्या शहरात काम सुरू करावे ते शहर पडण्याच्या बेतात, अशी त्या महिन्यांतील स्थिती होती. ऑक्टोबरमध्ये कँटन व हँकौ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती गेली. पथक यांगत्से नदीच्या मार्गाने मागे सरकत नोव्हेंबरमध्ये चुंगकिंगला पोहोचले. या माघारीच्या काळात पाचही डॉक्टर सर्वस्वी दुभाष्यावर अवलंबून होते. रुग्णाला कोठे दुखते हे विचारण्यासाठी तिसरा माणूस लागावा, ही डॉक्टरच्या दृष्टीने केवळ अडचण नसते. त्याच्या विद्येचा अर्धा भाग त्यामुळे निरुपयोगी होतो. कारण निदानाची सुरुवात रुग्णाच्या शब्दांपासून होत असते.

चुंगकिंगमध्ये त्यांना भेटले ते शांतिनिकेतनातील चीन-भवनाचे आचार्य तान युन-शान. त्यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली. प्रत्येकाच्या नावाच्या आद्य ध्वनींशी जुळणारी अक्षरे निवडून त्यांना शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले को दि-हुआ. मोक्षदेव या नावाने नालंदेत ओळखल्या गेलेल्या चिनी भिक्षूची आठवण येथे साहजिकच होते. फरक एवढाच, की ह्युएन-त्संगाला नाव मिळाले ते विद्या संपादन केल्यावर. कोटणिसांना ते आधी मिळाले, आणि त्याला शोभेसे होणे हे पुढचे काम त्यांच्याकडे राहिले.

चुंगकिंगच्या मुक्कामातच वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना समजली. घरी मोठे कुटुंब, आणि मिळवत्या वयाचा डॉक्टर मुलगा परदेशी. परत जाण्यास याहून सबळ कारण क्वचितच असू शकेल, आणि ते परतले असते तर कोणी त्यांना बोल लावला नसता. ते परतले नाहीत. घेतलेले काम अर्धवट टाकून जाणे त्यांना योग्य वाटले नाही. या निर्णयाची किंमत सोलापूरच्या घराने मोजली, हे चरित्रकारांनी विसरता कामा नये. परदेशी राहणाऱ्याच्या गौरवगाथेत मागे राहिलेल्यांचा हिशेब सहसा मांडला जात नाही.

१९३९ च्या जानेवारीत पथकाने चुंगकिंग सोडले आणि सियानमार्गे फेब्रुवारीत ते येनानला पोहोचले. येनान म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहागृहांचे गाव. निवास गुहेत, शाळा गुहेत, रुग्णालयही गुहेत. अन्न मुख्यत्वे राळ्याचे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या सोलापूरच्या माणसाला राळे हे धान्य अनोळखी नव्हते. परंतु सणावारी वा आजारपणात खाण्याचे धान्य रोज दोन्ही वेळा खाणे ही निराळी गोष्ट. थंडीही दख्खनच्या माणसाने कधी न अनुभवलेली. सैनिकांप्रमाणे कापूस भरलेला गणवेश अंगावर घालून हे डॉक्टर आठव्या मार्ग सेनेच्या रुग्णालयात काम करू लागले.

येथेच भाषेच्या अभ्यासास खरा आरंभ झाला. मराठी भाषकाला चिनी भाषा शिकताना काय अनुकूल आणि काय प्रतिकूल, याचा विचार उद्बोधक ठरतो. चिनी भाषेत अल्पप्राण व महाप्राण यांचा भेद अर्थभेदक असतो. हा भेद मराठी कानाला उपजत ज्ञात आहे. चहा या शब्दातील तालव्य च आणि चांगला या शब्दातील दंततालव्य च हे दोन्ही मराठी जिभेवर असतात. चिनी भाषेतही अशाच दोन वर्णमालिका आहेत, आणि इंग्रजी वा बंगाली भाषकाला त्या सवयीने साधाव्या लागतात. चहा हा शब्द तर मुळात चीनमधूनच आलेला. याउलट स्वरांच्या चढउतारावरून शब्दाचा अर्थ पालटणे ही गोष्ट मराठीला सर्वथा अपरिचित. आणि लिपीच्या बाबतीत वर्णमालेवर पोसलेल्या बुद्धीला कोणताच आधार मिळत नाही. प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे स्मरणात साठवावे लागते. अठ्ठावीस वर्षांच्या, पदवी घेतलेल्या माणसाने पुन्हा अक्षरओळखीपासून प्रारंभ करायचा, यात जो अहंकार सोडावा लागतो तो कोटणिसांनी सोडला. प्रवासात, रुग्णांच्या खाटेशी, गावकऱ्यांच्या घरी, भेटेल त्या वस्तूचे नाव विचारीत आणि अक्षरे गिरवीत त्यांचा अभ्यास चालला. रुग्ण हेच त्यांचे शिक्षक झाले.

दरम्यान पथक विरळ होत गेले. चोळकर व मुकर्जी १९३९ मध्येच प्रकृतीच्या कारणांनी मायदेशी परतले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये अटल, बसू व कोटणीस येनानहून आघाडीकडे निघाले आणि डिसेंबरमध्ये आग्नेय शान्सीतील सेनेच्या मुख्य ठाण्यावर चू तेह यांना भेटले. पुढे अटलही आजारामुळे परतले. १९४० मध्ये बसू व कोटणीस शत्रूच्या फळीमागे असलेल्या शान्सी-चहार-होपे या सीमाप्रदेशात गेले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून शेवटापर्यंत तेथे शंभर पलटणींची मोहीम म्हणून प्रसिद्ध असलेले युद्ध झाले. या मोहिमेतील एका तेरा दिवसांच्या लढाईत कोटणिसांच्या हाताखालून ८०० हून अधिक जखमी गेले व ५५८ शस्त्रक्रिया झाल्या, अशी नोंद आहे. त्यानंतर बसू येनानला परतले. कोटणीस तेथेच राहिले. पाच भारतीयांपैकी आता त्या मुलखात एकटेच उरले होते. मराठीत, हिंदीत वा बंगालीत बोलण्यास जवळ कोणीही नव्हते.

याच प्रदेशात कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. कोटणिसांची व त्यांची भेट कधीच झाली नाही. तथापि बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय शाळेत कोटणीस शिक्षक झाले आणि १९४१ च्या जानेवारीत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. होपे प्रांताच्या तांग परगण्यातील को-कुंग या खेड्यात त्यांचे वास्तव्य होते. जपानी मोहिमा सुरू झाल्या की शाळा व रुग्णालय दोन्ही पाठीवर घेऊन डोंगरात शिरायचे, आणि शत्रू मागे सरकला की पुन्हा वर्ग भरवायचा, असा तेथील क्रम होता. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची मुले. कित्येकांचे शालेय शिक्षण तुटपुंजे.

या विद्यार्थ्यांना कोटणीस चिनी भाषेतून शिकवीत असत. भारतीय भाषांच्या अभ्यासकाने थोडा वेळ थांबून विचार करावा, असा हा प्रसंग आहे. कोटणिसांचे स्वतःचे वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून झाले होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग काही काळ चालले. पण ती परंपरा उच्च वैद्यकीय शिक्षणात टिकली नाही. परिणामी सोलापूरच्या या सुपुत्राला शरीरशास्त्र व शस्त्रक्रिया मातृभाषेतून शिकण्याची वा शिकवण्याची संधी मुंबईत कधी मिळाली नसती. ज्या कामाला स्वदेशात त्यांच्या भाषेला जागा नव्हती, ते काम त्यांनी परदेशात, परक्या देशभाषेतून केले. इंग्रजीत मिळवलेले ज्ञान मनातल्या मनात वेगळे करून शेतकऱ्याच्या मुलाला समजेल अशा चिनी वाक्यांत मांडणे, हे भाषांतराहून अधिक कठीण काम आहे. त्यासाठी संज्ञा ठाऊक असून भागत नाही. ऐकणाऱ्याच्या घरातील शब्द ठाऊक असावे लागतात. कोटणिसांनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियाशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवर पाठ्यपुस्तक तयार केले आणि विशेष शस्त्रक्रियांवरील दुसऱ्या पुस्तकास हात घातला. विद्यार्थिदशेची खरी परीक्षा जर शिकवता येण्यात असेल, तर ती त्यांनी दोन वर्षांच्या आत दिली होती.

त्या मुलखातील लोकांनी त्यांना आणखी एक नाव दिले. सावळ्या वर्णाच्या आणि मायेने शुश्रूषा करणाऱ्या या डॉक्टराला तेथील सैनिक व गावकरी काळी आई अशा अर्थाच्या चिनी नावाने संबोधीत. चिनी भाषेत या शब्दांना जो अर्थ आहे तेवढाच तो. मराठीत मात्र काळी आई म्हणजे शेतकऱ्याची जमीन. सोलापूरच्या काळ्या मातीतून गेलेल्या माणसाला होपेच्या शेतकऱ्यांनी नकळत त्याच्याच भाषेतील एक जुना शब्द दिला. तान युन-शान यांनी दिलेले नाव विद्वानाचे होते. हे नाव खेड्याचे होते. परका माणूस एखाद्या जागी रुळला की नाही, याचा निर्णय तो स्वतः करू शकत नाही. तो निर्णय तेथील लोक करतात, आणि बहुधा अशा टोपणनावांतून तो प्रकट होतो.

बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात १९४० मध्ये कोटणिसांचा परिचय शाळेत शुश्रूषा शिकवणाऱ्या क्वो चिंग-लान यांच्याशी झाला. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना पुत्र झाला. सीमाप्रदेशाचे सेनापती न्ये रुंग-चेन यांनी त्याचे नाव यिन-हुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कोटणीस चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते. काँग्रेसच्या वतीने गेलेल्या डॉक्टराचा हा शेवट काही भारतीय चरित्रकथांत पुसट ठेवला जातो. तो लपवण्याचे कारण नाही, आणि तोच त्यांच्या जीवनाचा एकमेव अर्थ मानण्याचेही नाही. ज्या समाजात ते शिकले, शिकवू लागले व संसारास लागले, त्या समाजाचे उत्तरदायित्वही त्यांनी स्वीकारले, असा या निर्णयाचा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक ठरेल.

त्यांची प्रकृती या काळात ढासळत होती. अपस्माराचे झटके येत असत. उपचारांसाठी अन्यत्र जाण्याच्या सूचना झाल्या. त्या त्यांनी मानल्या नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी को-कुंग येथे लागोपाठ आलेल्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. दुसरे पाठ्यपुस्तक अपुरे राहिले. येनानमध्ये शोकसभा झाली, आणि माओ त्से-तुंग यांनी स्वहस्ताक्षरात श्रद्धांजली लिहिली.

भारतात ही कहाणी पोहोचली ती प्रथम ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ च्या इंग्रजी पुस्तकामुळे, आणि सर्वदूर पसरली ती व्ही. शांताराम यांच्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या १९४६ च्या चित्रपटामुळे. शांताराम यांनी स्वतः कोटणिसांची व जयश्री यांनी चिंग-लान यांची भूमिका केली. या चित्रपटाचे ऋण मोठे आहे. परंतु रजतपटावर सोलापूर व चीन दोन्ही हिंदुस्थानीच बोलतात. प्रेक्षकांसाठी ते अपरिहार्य होते. त्यामुळे ज्या गोष्टीवर कोटणिसांचे चीनमधील जीवन उभे होते, ती गोष्ट, म्हणजे एका भाषेतून दुसरीत जाण्याचे दीर्घ कष्ट, चित्रपटातून वगळली गेली. प्रेक्षकाला डॉक्टर दिसतो, प्रियकर दिसतो, हुतात्मा दिसतो. अक्षरे गिरवणारा विद्यार्थी दिसत नाही. मराठीतील त्यांची प्रतिमाही मुख्यतः याच चित्रपटावर घडली.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. १९५३ मध्ये त्यांचे अवशेष शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत नेण्यात आले. बेथ्यून यांची समाधीही तेथेच आहे. चिंग-लान १९५८ मध्ये प्रथम भारतात आल्या. १९६२ च्या युद्धानंतर दोन्ही देशांतील संबंध तुटल्यासारखे झाले, तरी कोटणीस हे नाव दोन्हीकडे उच्चारले जात राहिले. यिन-हुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये मरण पावला. चीनने १९८२ मध्ये व भारताने १९९३ मध्ये कोटणिसांवर टपाल तिकिटे काढली. २०१२ मध्ये चिंग-लान यांचे निधन झाले. सोलापुरातील त्यांच्या घरी आता स्मारक आहे. शिच्याच्वांगमध्ये त्यांच्या नावाची वैद्यकीय शिक्षणसंस्थाही पुढे निघाली.

राजनैतिक समारंभांत कोटणिसांचे स्मरण मैत्रीचे प्रतीक म्हणून होते, आणि प्रतीकांची जी गती होते ती त्यांचीही झाली : ते हारांखाली झाकले गेले. विद्यार्थी म्हणून त्यांचा विचार केला की ते पुन्हा स्पष्ट दिसू लागतात. चार वर्षांच्या मुक्कामात त्यांनी एक भाषा बोलण्यापुरती, वाचण्यापुरती आणि अखेरीस शिकवण्यापुरती मिळवली. ह्युएन-त्संगाला कोसलासह भारताचे अनेक देश पाहून, ग्रंथांचे गाठोडे घेऊन मायदेशी परतण्याचे व उरलेले आयुष्य त्या ग्रंथांच्या अनुवादात घालवण्याचे भाग्य लाभले. कोटणीस परतले असते तर त्यांनी कोणते गाठोडे आणले असते, देशभाषेतून शस्त्रक्रिया शिकवण्याचा तो अनुभव मराठीत कसा उतरला असता, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकापुढे राहतो. त्यांनी शिकवलेली शेतकऱ्यांची मुले मात्र को-कुंगच्या वर्गातून आघाडीवरील रुग्णालयांत गेली, आणि सोलापूरच्या शिक्षकाचे पहिले पुस्तक त्यांच्याबरोबर गेले.